बुडबुडे थांबले म्हणजे बिअर झाली, असं नाही

घरी बिअर करण्याविषयी या वेळी आलेल्या पत्रांतली आठ निवडली आहेत. पहिल्याला सर्वांत जास्त जागा दिली आहे, कारण त्या घरात काच फुटली आहे.

प्रश्न: ताई, मी सॅन होजेला असतो. आयुष्यात पहिल्यांदा ५ गॅलन पेल एल (फिकट रंगाची बिअर) केली. सातव्या दिवशी एअरलॉकमधले (झाकणावरच्या, वायू बाहेर सोडणाऱ्या नळीतले) बुडबुडे थांबले, म्हणून त्याच संध्याकाळी साखर घालून ४६ बाटल्या भरल्या. हायड्रोमीटर (द्रवात साखर किती उरली ते दाखवणारं साधन) १.०२० दाखवत होता आणि रेसिपीत शेवटचा आकडा १.०१० होता, पण एवढ्याशा फरकानं काय होतं असं वाटलं. काल रात्री कपाटात चार बाटल्या फुटल्या. उरलेल्यांचं काय करू? चूक नेमकी कुठे झाली?

उत्तर: आधी उरलेल्या ४२ बाटल्यांचं बोलू, चुकीचं नंतर. त्या कपाटाजवळ आत्ता कोणालाही जाऊ देऊ नका, मुलं असतील तर त्यांना त्या खोलीतच नको. डोळ्यांवर प्लास्टिकचा बंद चष्मा, हातात जाड कातडी मोजे, अंगात जाड पूर्ण बाह्यांचं जॅकेट, एवढं असल्याशिवाय दार उघडू नका. उघडलं की आधी बाटल्यांवर जाड ब्लँकेट किंवा ओला टॉवेल पसरा. मग एकेक बाटली टॉवेलमध्ये गुंडाळून बर्फाच्या कूलरमध्ये नाहीतर फ्रीजमध्ये ठेवा. गार झाल्यावर वायू द्रवात जास्त विरघळतो आणि दाब उतरतो. पूर्ण दिवसभर गार होऊ द्या आणि मग अंगणात, टॉवेल गुंडाळलेला असतानाच, झाकणं हळूहळू सैल करा. बिअर ओतून द्या. त्यातली एकही बाटली वाचवायचा प्रयत्न करू नका, एवढी माझी हात जोडून विनंती आहे.

आता चूक. एअरलॉकमधला बुडबुडा एवढंच सांगतो की आतली हवा बाहेर पडते आहे. झाकण थोडं सैल असलं तर वायू तिथून निघून जातो आणि बुडबुडे दिसत नाहीत. रात्री खोली गार पडली तर यीस्ट (साखर खाऊन अल्कोहोल आणि वायू करणारी बुरशी) मंदावतं आणि बुडबुडे थांबतात, पण साखर तशीच उरलेली असते. तुमच्याकडे खरं सांगणारं एकच साधन होतं, हायड्रोमीटर, आणि ते सांगतही होतं. ०.००१ म्हणजे एक अंक धरला तर १.०२० आणि १.०१० यांच्यात दहा अंकांचा फरक आहे. बाटलीत त्यातला एकेक अंक उतरला की बिअरमध्ये साधारण अर्धा व्हॉल्यूम, म्हणजे बिअरच्या निम्म्या आकारमानाएवढा, वायू वाढतो. म्हणजे उरलेल्या साखरेचे पाच व्हॉल्यूम, वर तुम्ही घातलेल्या साखरेचे दीडेक, आणि आधीपासून विरघळलेला थोडा. बेरीज सातच्या पुढे जाते. साध्या पेल एलला अडीच पुरतात. शॅम्पेनमध्ये सहाच्या आसपास असतात, आणि तिची बाटली किती जाड काचेची असते ते हातात घेऊन बघा.

पुढच्या खेपेला असं करा. यीस्ट घालण्याआधी हायड्रोमीटरचं एक वाचन घ्या आणि वहीत तारखेसह लिहा. दहाव्या दिवशी पुन्हा घ्या. मग दोन-तीन दिवस थांबून आणखी एकदा घ्या. दोन्ही वाचनं सारखी आणि रेसिपीच्या आकड्याजवळ आली तरच बाटल्या काढायच्या. सारखी आली पण आकडा वर अडकलाय, तर फर्मेंटर (आंबवण्याचं भांडं) हलकेच गोल फिरवून तळाचं यीस्ट उठवा, खोली २१ अंश सेल्सिअसपर्यंत ऊबदार करा आणि आठवडाभर वाट बघा. बाटलीत फेस येण्यासाठी ५ गॅलनला सुमारे ११५ ग्रॅम कॉर्न शुगर (मक्याची साखर) पुरे, आणि तीही वजनकाट्यावर मोजून. वाटीनं मोजलेल्या साखरेवर मी विश्वास ठेवत नाही.

२००१ मध्ये फ्रीमाँटच्या आमच्या गॅरेजमध्ये माझ्याही तीन बाटल्या फुटल्या होत्या. त्या वर्षी गणपतीचं मखर बाहेर काढलं तेव्हा थर्माकोलच्या कमानीत बोटभर काचेचा तुकडा खोल रुतलेला सापडला. माझा मुलगा तेव्हा सहा वर्षांचा होता आणि त्याची सायकल त्याच भिंतीला टेकवलेली असायची. तेव्हापासून मी दोन वाचनांशिवाय एकही बाटली भरलेली नाही.

प्रश्न: सॅन फ्रान्सिस्कोचं पाणी इतकं चांगलं, तरी माझ्या प्रत्येक बिअरला बँड-एडसारखा, दवाखान्यासारखा वास येतो. भांडी मी मन लावून धुते.

उत्तर: भांड्यांत दोष नाही. तुमच्याकडचं ‘हेच हेची’ नावाच्या धरणाचं पाणी फार मृदू आणि बिअरला सुरेख आहे, पण २००४ पासून शहर ते शुद्ध करायला क्लोरामाइन (क्लोरीन आणि अमोनियाचं संयुग) वापरतं. नुसतं क्लोरीन असतं तर उकळून किंवा रात्रभर उघडं ठेवून बरंचसं गेलं असतं. क्लोरामाइन चिवट असतं. बिअरमधल्या फिनॉल या घटकांशी त्याची गाठ पडली की तोच दवाखान्याचा वास येतो, आणि तो अगदी सूक्ष्म प्रमाणातही नाकाला कळतो. होमब्रूच्या, म्हणजे घरी बिअर करण्याचं सामान विकणाऱ्या, दुकानात क्लोरामाइन घालवणारी कॅम्पडेनची गोळी मिळते. एक गोळी २० गॅलनला पुरते, म्हणजे ५ ते १० गॅलन पाण्याला पाव ते अर्धी. चुरून टाका, ढवळा, पाच मिनिटांत काम झालं.

प्रश्न: आम्ही फिनिक्सला. उन्हाळ्यात दिवसा एसी बेताचाच लावतो, आतल्या खोलीत ३५ अंश होतात. बिअरसाठी वेगळा फ्रीज घ्यायची ऐपत नाही. उन्हाळ्यात हा छंद बंदच ठेवायचा का?

उत्तर: मुळीच नाही. तुमच्यासाठी नॉर्वेत यीस्ट आहे! तिथल्या पश्चिमेकडच्या शेतकऱ्यांनी पिढ्यान् पिढ्या घरात सांभाळलेल्या यीस्टला त्यांच्या बोलीत क्वाइक म्हणतात. व्हॉस गावच्या सिग्मुंड येर्नेस यांच्या घरचं क्वाइक आज जगभर पाकिटांत मिळतं. लार्स मारियस गार्शोल या नॉर्वेजियन माणसानं शेतोशेती फिरून ही पद्धत लिहून काढली नसती, तर ते त्या डोंगरांतच राहिलं असतं. साधं एल यीस्ट २२ अंशांच्या बरंच वर राहिलं की बिअरला उग्र, डोकं चढवणारा वास येतो. व्हॉसचं क्वाइक ३५ ते ४० अंशांत खुशीनं काम करतं, संत्र्याच्या सालीसारखा वास देतं, आणि पुष्कळदा चार-पाच दिवसांत काम संपवतं. (संपलं का, ते हायड्रोमीटरलाच विचारायचं. वरचं पत्र वाचलंत ना?) फर्मेंटर आतल्या खोलीतच ठेवा. जुलैत फिनिक्सचं गॅरेज क्वाइकलाही सोसणार नाही. आणि बिअर हलकी असेल तर यीस्टचं पोषकद्रव्य अर्धा चमचा घाला, या यीस्टला भूक मोठी असते.

मला या यीस्टचं जे वेड आहे ते त्याच्या साठवणीमुळे. ते शेतकरी बिअर उतरली की तळाचं यीस्ट लाकडाच्या कड्यांच्या माळेवर नाहीतर कापडावर घेत, वाळवत आणि पुढच्या सणापर्यंत टांगून ठेवत. १९९४ मध्ये मी मिरजेहून निघाले तेव्हा आईनं सुती रुमाल घरच्या दह्यात बुडवून, सावलीत वाळवून, माझ्या पेटीत साड्यांच्या घडीत ठेवला होता. इथे आल्यावर कोमट दुधात तो रुमाल टाकला आणि दुसऱ्या दिवशी दही लागलं. सांगलीला कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकताना जे डोक्यात गेलं नव्हतं, ते त्या दिवशी गेलं. व्हॉसच्या एखाद्या आजीला माझ्या आईचा रुमाल दाखवला असता, तर तिला काही समजावून सांगावं लागलं नसतं.

प्रश्न: सॅन फ्रान्सिस्कोची अँकर ब्रुअरी (बिअरचा कारखाना) बंद पडली तेव्हापासून मन लागत नाही. मागच्या वर्षी आमच्या गावातली छोटी ब्रुअरी गेली, या वर्षी होमब्रूचं दुकानही. सगळीकडून क्राफ्ट बिअर (छोट्या ब्रुअऱ्यांची बिअर) उतरणीला लागल्याच्याच बातम्या. मी आत्ता कुठे शिकायला लागलोय. उशीर झाला का?

उत्तर: तुमचं दुःख मला पुरतं कळतं. १९९६ मध्ये कंपनीतल्या एका सहकारी बाईनं मला पोत्रेरो हिलवर अँकर बघायला नेलं होतं. तांब्याच्या भल्यामोठ्या किटल्या आणि काचेपलीकडे उथळ, उघड्या टाक्यांत आंबणारी स्टीम बिअर. लागरचं (थंडीत आंबवायच्या बिअरचं) यीस्ट, पण थंड तळघराऐवजी एलच्या, म्हणजे उबदार, तापमानाला आंबवलेलं. बर्फ आणि यंत्रं परवडत नव्हती त्या कॅलिफोर्नियातली ही रीत. वास आला मात्र, मला आजोळच्या माजघरात नाचणीला मोड आणून, वाळवून, भाजत असत ते आठवलं. माल्ट म्हणजे तेच तर आहे. बिअर काय असते हे मला त्या दुपारी कळलं, त्याआधी मी ती पुरुषांची बाब समजत होते.

अँकर १८९६ ची. १९६५ मध्ये ती मोडीत निघायच्या बेतात असताना वॉशिंग मशीनवाल्या मेटॅग घराण्यातल्या फ्रिट्झ मेटॅगनं तिचा मोठा हिस्सा घेतला आणि पुढे कित्येक वर्षं खपून ती सावरली. १९७५ मध्ये त्यानं लिबर्टी एल काढली, ओरेगॉनमध्ये तयार झालेल्या कॅस्केड हॉप्सची (हॉप्स म्हणजे बिअरला कडवटपणा आणि वास देणारी फुलं). तो हॉप्सचा वाण तीनच वर्षांपूर्वी लागवडीसाठी खुला झाला होता. आज अमेरिकन पेल एल म्हटलं की जो पपनसासारखा वास येतो, त्याची वाट तिथून निघाली. त्याच वर्षीपासून दर नाताळला नवी रेसिपी आणि लेबलवर नवं झाड. माझ्याकडे अशी एकवीस लेबलं वहीत चिकटवलेली आहेत. २०१७ मध्ये कंपनी जपानच्या सप्पोरोकडे गेली, २०२३ च्या जूनमध्ये नाताळची बिअर बंद झाली आणि जुलैत सगळंच. कामगारांनी मिळून विकत घ्यायचा प्रयत्न केला, तो तडीस गेला नाही. २०२४ मध्ये चोबानी या दह्याच्या कंपनीच्या हमदी उलुकाया यांनी ती घेतली. दह्याच्या धंद्यातला माणूस आहे, आंबवणं काय असतं ते त्याला माहीत आहे, म्हणून मी आशा धरून आहे.

आणि हो, उतरण खरी आहे. २०२४ मध्ये अमेरिकेत नव्या उघडल्या त्यापेक्षा जास्त क्राफ्ट ब्रुअऱ्या बंद झाल्या. कर्ज महागलं, डबे महागले, तरुण माणसं कमी पितात. त्यांचं कमी पिणं मला वाईट वाटत नाही, हे इथेच सांगून टाकते.

पण तुम्ही विचारलंत ते शिकण्याबद्दल. १९७० च्या दशकाच्या शेवटी या अख्ख्या देशात शंभरही ब्रुअऱ्या नव्हत्या, आज नऊ हजारांच्या वर आहेत. ही माणसं आली कुठून? जॅक मॅकॉलिफ नौदलात असताना स्कॉटलंडमध्ये घरगुती किट घेऊन बिअर करायला शिकला आणि १९७६ मध्ये सोनोमात त्यानं न्यू अल्बियन सुरू केली. सहा वर्षांत ती बंद पडली. केन ग्रॉसमनचं चिको गावात होमब्रूचं दुकान होतं. दुग्धालयातली जुनी भांडी जोडून त्यानं १९८० मध्ये सिएरा नेवाडाची पहिली बिअर उकळली, आणि ती आजही उभी आहे. एक बुडाली, एक टिकली, दोन्ही घरच्या चुलीवरून निघालेल्या. तुमच्या गावातलं दुकान गेलं असेल, पण त्या दुकानात भेटणारी माणसं गावातच असतील. त्यांना शोधा, महिन्यातून एकदा कोणाच्या तरी गॅरेजमध्ये जमा, धान्याचं पोतं आणि हॉप्स मिळून मागवा. आमच्या क्लबात आम्ही अकरा जण आहोत, त्यात चार बायका, आणि गेली सतरा वर्षं आम्ही असंच करतो.

प्रश्न: आमच्या मराठी मंडळाच्या निधीसाठी दिवाळी संमेलनात घरची बिअर ग्लासमागे ५ डॉलरला ठेवावी असा विचार आहे. चालेल?

उत्तर: नाही. १९३३ मध्ये अमेरिकेतली दारूबंदी उठली तेव्हा घरगुती वाइनला मोकळीक मिळाली, बिअर मात्र राहून गेली. ती चूक दुरुस्त व्हायला पंचेचाळीस वर्षं लागली. १४ ऑक्टोबर १९७८ ला जिमी कार्टर यांनी सही केली आणि फेब्रुवारी १९७९ पासून घरी बिअर करणं देशाच्या कायद्यानं मान्य झालं. वर्षाला एका प्रौढामागे १०० गॅलन, घरात दोन किंवा जास्त प्रौढ असतील तर २०० गॅलन, आणि विक्री अजिबात नाही. देणगी पेटी ठेवून ‘फुकट’ वाटणं ही मला पळवाट वाटते. शिवाय राज्यांचे आपापले नियम असतात. मिसिसिपी आणि अलाबामात तर २०१३ पर्यंत घरची बिअर बेकायदाच होती. निधी हवा असेल तर चकल्या विका. बिअर घरी बोलावलेल्या प्रौढ मित्रांसाठी ठेवा.

प्रश्न: मावशी, मी पुण्यात शिकतो, वय २२. तुमचं सदर आवडीनं वाचतो. मला होस्टेलवर एक गॅलनचं किट आणून करून बघायचं आहे. कोणतं यीस्ट घेऊ?

उत्तर: मावशी म्हणालास म्हणून मोकळेपणानं सांगते, करू नकोस. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा लागू आहे आणि परवान्याशिवाय बिअर बनवणं हा गुन्हा आहे, मग ती एक गॅलन असली तरी. होस्टेलच्या खोलीसाठी तुझं शिक्षण पणाला लावू नकोस.

पण शिकायला आंबवावंच लागतं असं नाही. बिअरचं अर्धं शास्त्र आंबण्याच्या आधी घडतं. सालासकटचे जव आण (साल काढलेल्यांना मोड येत नाहीत), भिजव, मोड आण, उन्हात खडखडीत वाळव आणि भरड दळ. थर्मामीटर लावून ६६-६७ अंशांच्या पाण्यात तासभर झाकून ठेव. दर पंधरा मिनिटांनी एक थेंब पांढऱ्या बशीत काढून त्यावर टिंक्चर आयोडीन टाक आणि तो नमुना फेकून दे. निळा-काळा झाला तर स्टार्च शिल्लक आहे. रंग बदलेनासा झाला की धान्यातल्या एन्झाइमनी सगळ्या स्टार्चची साखर केली. उरलेलं गाळून, उकळून, गरम गरम पी. गोड लागेल आणि ते पूर्ण कायदेशीर आहे. ही जादू पहिल्यांदा पाहिली तेव्हा मी त्या बशीसमोर बराच वेळ बसून होते. आणि बिअरच चाखायची तर महाराष्ट्रातली पहिली मायक्रोब्रुअरी (जागेवरच बिअर करणारी छोटी ब्रुअरी), डूलाली, २००९ मध्ये तुझ्याच शहरात निघाली, तिथल्या एखाद्या मायक्रोब्रुअरीत जा. बिअरसाठीची २१ वर्षांची अट तू पूर्ण करतोस. गर्दी नसेल अशी दुपार निवड, एकच छोटा ग्लास घे आणि तिथल्या ब्रुअरला प्रश्न विचार.

प्रश्न: माझ्या नवऱ्याचा हा छंद तीन वर्षं आहे. आधी महिन्याला एक बॅच असायची, आता घरात कायम दोन केग (बिअरची पिंपं) भरलेले असतात आणि तो रोज रात्री तीन-चार ग्लास घेतो. मी बोलले की म्हणतो, ही घरची आहे, शुद्ध आहे. मी चुकतेय का?

उत्तर: तुम्ही चुकत नाही आहात. अल्कोहोल घरचं असलं तरी यकृताला तेच असतं. हा धोका आमच्या छंदातच आहे आणि आम्ही त्याबद्दल फार कमी बोलतो. ५ गॅलन म्हणजे पन्नासेक बाटल्या, आणि नवीन करायचं तर जुनी संपवावी लागते. त्यांना बिअर करण्यातच रस असेल तर एक गॅलनची बॅच करायला सांगा, एका वेळी नऊ-दहा बाटल्या. इंग्लिश माइल्ड करायला सांगा, तीन टक्क्यांच्या आसपासची. इतक्या हलक्या बिअरला चव आणणं फार अवघड असतं, हाताची खरी परीक्षा तिथे होते. केग काढून टाका. त्यांनी हे आनंदानं केलं तर छंद आहे. केलं नाही, किंवा एक महिना न पिता राहता आलं नाही, तर गोष्ट छंदाची राहिलेली नाही आणि डॉक्टरांकडे जायला हवं. मात्र रोजची सवय जुनी असेल तर एकदम बंद करायच्या आधीच डॉक्टरांना विचारा, कारण अचानक थांबल्यानं काही जणांना गंभीर त्रास होतो. मला पुन्हा लिहा, छापणार नाही.

प्रश्न: बिअर गाळल्यावर दहा-बारा पौंड ओलं धान्य उरतं. टाकवत नाही. काही करता येईल का?

उत्तर: टाकू नकाच. साखर गेलेली असते, पण प्रथिनं आणि चोथा बराच शिल्लक असतो. ट्रेमध्ये पातळ पसरून ओव्हनमध्ये २०० फॅरनहाइटला पाच-सहा तास वाळवा, अधूनमधून परता, मग मिक्सरमध्ये बारीक करून चाळा. टरफलं टोचतात, त्यामुळे चाळणं टाळू नका. थालीपिठाच्या भाजणीत तीन वाट्यांना एक वाटी हे पीठ, कांदा, ओवा, तीळ नेहमीप्रमाणे. भाजताना कडेनं जरा जास्त तेल सोडा, पीठ कोरडं असतं. स्टाउट या काळ्या बिअरचं काळं धान्य असेल तर वाटीऐवजी अर्धी वाटी घ्या, नाहीतर कडवट लागतं. ओलं धान्य त्याच दिवशी वाळवा, दुसऱ्या दिवशी सकाळी ते आंबूस वास मारतं. वाळवणं जमलं नाही तर परसातल्या खतात सुक्या पानांच्या थरात मिसळा. घरात कुत्रा असेल तर उकळून उरलेले हॉप्स मात्र कधीही उघड्या खतात टाकू नका, पिशवीत घट्ट बांधून कचऱ्यात द्या. हॉप्स कुत्र्याला विषारी असतात, खाल्ले तर ताप भराभर चढतो आणि जीव जाऊ शकतो. खाल्ल्याचा संशय जरी आला तरी वाट न बघता पशुवैद्याकडे न्या.